अकराला या

पौड फाट्यापासून खाणीपर्यंत अठ्ठावीस मिनिटं,
गुडघे बोलू लागल्यापासून चाळीस.
बेटावरून आल्यावर आज पहिल्यांदाच चढतोय.
ह्यांच्या खिशात अजून त्या बोटीचं तिकीट,
चुरगळलेलं, खाऱ्या वाऱ्याने चिकट.
टाकत नाहीत.
पुण्यात पावती कुणी टाकतं का?

तर ते गाव.
समुद्रात पाय सोडून बसलेलं,
गुलाबी, पिवळ्या, पोपडे निघालेल्या हॉटेलांचं.
दोनशे वर्षांपूर्वी म्हणे राजेलोक यायचे तिथे
हाडं शेकायला,
बरोबर आचारी, वैद्य आणि रुसलेल्या बायका.
संगमरवरी पाटीवर त्यांची नावं कोरलीत
(बायकांची नाहीत).
पाटीखाली एक मांजर झोपलेलं, ऊन नसतानाही,
कारण तिथली फरशीच खालून कोमट.

हमामाची राखण नुन्झिया नावाची बाई करते.
काळ्या दगडाच्या पायऱ्या घासताना
तिची पाठ मला फार ओळखीची वाटली.
ह्यांनी विचारलं, डोंगर शेवटचा कधी पेटला?
केयूरने, टूरच्या पोराने, तिला तिच्या भाषेत विचारलं.
सातशे वर्षं झाली, म्हणाली,
आणि तळहात गालाखाली ठेवून दाखवला.
झोपलाय. गेलेला नाही.
हे मराठीत म्हणाले, "ह्यात काय एवढं?
हाच दगड आपल्या वेताळ टेकडीवर फुकट आहे."

केयूर ओशाळून हसला. मी हसले नाही.
काश्मिरात म्हणाले होते, नुसती थंडीच आहे.
कन्याकुमारीला, सूर्य तर एकच.
एक्केचाळीस वर्षांत मी
ह्या माणसाबरोबर अर्धा देश बघितला
आणि परत आल्यावर मनात पुन्हा एकटीने बघितला.

संध्याकाळी वाळूवर गेलो. वाळूतून वाफ निघत होती.
नुन्झियाच्या भाचीने चार अंडी कागदात गुंडाळून पुरली
आणि घड्याळ न बघता उकडून काढली.
हे खाली बसले, म्हणजे टेकले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन,
आणि वाळूवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
बराच वेळ.
मग हळूच, कुणी ऐकेल म्हणून,
"अगं, आत कुणीतरी जागं आहे."

मी अंडं सोलत राहिले.
आत जागं असणाऱ्यांची
ह्यांनी पूर्वी कधी चौकशी केली नव्हती.
नाशिकची नोकरी सोडली त्या वर्षी
मी चार महिने पोळ्या लाटल्या
आणि एक शब्द बोलले नाही;
ह्यांना वाटलं, घसा बसलाय.

इथे समुद्र नाही.
खाणीत साचलेलं हिरवं पाणी आहे,
काठावर दोन टिटव्या, एक फुगलेली चप्पल,
आणि कानटोपीवाल्या काकांचा रेडिओ.
कडा तासून काढलेला, थरावर थर,
जशी कुणी पातेल्यातली खरवड काढावी.
एके काळी हे सगळं वाहत होतं म्हणे,
कर्वे रोडसकट.

पूर्वी गल्लीत वडारीण यायची,
"टाकीय्ये पाट्याला, टाकीऽऽ"
फाटकापाशी बसून छिन्नी मारायची, ठिणगी उडायची.
मी विचारलं होतं, दगडात कुठून आली गं?
म्हणाली, बाई, जुना इस्तू हाय,
ठोकल्याबिगर दिसत न्हाई.

हे पायवाट सोडून आत गेले.
वाकले, गुडघ्यांनी शिव्या घातल्या तरी वाकले,
आणि काळ्या कातळावर हात ठेवला.
मी थांबले. रेडिओवर बातम्या लागल्या.

"निवलाय गं," म्हणाले, जरासे हिरमुसून.

"सात वाजलेत," मी म्हटलं.
"अकराला या.
मग ठेवून दाखवा हात."